कुलूप उघडण्याचे पैसे

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तिथल्या तिथे उत्तर लिहायला बसले. ते रागात लिहिलेलं पुसून टाकलं, आज शांतपणे लिहिते. भाड्याच्या घरांच्या एजंटचा दिवस कसा जातो यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही तीन गोष्टी म्हणालात. कुलूप उघडून घर दाखवायचं आणि एक महिन्याचं भाडं घ्यायचं, यात कष्ट कसले? घर सोडताना मालकाने रंगाचे म्हणून डिपॉझिटमधून १५,००० कापले, तेव्हा तुमच्या एजंटने फोनसुद्धा उचलला नाही. आणि आम्ही एजंट आडनाव विचारून माणसं परतवतो.

मधल्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. ज्याने ब्रोकरेज घेतलं त्याने चावी परत करायच्या दिवशी हजर राहायलाच हवं. घर घेताना सगळे खुशीत असतात, सोडताना भिंतीतला खिळा न् खिळा मोजला जातो. मी चावी देतानाच दोघांच्या देखत व्हिडिओ काढते, सिंकखालच्या ओलीपासून मीटरच्या रीडिंगपर्यंत सगळं, आणि दोघांनाही पाठवते. मागच्या मे महिन्यात वारज्याला एका काकांनी ओट्याला गेलेला तडा भाडेकरूंच्या नावावर लावला होता. अकरा महिन्यांपूर्वीच्या व्हिडिओत तो तडा तसाच दिसत होता. काका जरा वेळ गप्प बसले आणि मग पूर्ण डिपॉझिटचा चेक लिहून दिला. त्या दिवसाचे मला वेगळे पैसे मिळाले नाहीत आणि मागायचेही नव्हते. ते मी आधीच घेतले होते.

आता कुलपाचं. कोथरूड, कर्वेनगर, वारजे या भागात मी नऊ वर्षं हे काम करते. जूनमध्ये कॉलेजं आणि नव्या नोकऱ्या एकदम सुरू होतात, तेव्हा दिवसाला आठ-दहा घरं दाखवून होतात. पितृपंधरवड्यात फोन जवळजवळ थंड असतो. एखादी पार्टी पंधरा घरं बघते आणि गावीच बदली करून घेते. १८,००० भाड्याच्या घराचे १८,००० मिळतात हे खरं, पण चावी दुसऱ्या एजंटकडची असेल तर निम्मे त्याचे. काही वेळा सगळेच जातात. एका जोडप्याला मी सात घरं दाखवली. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणाले. पंधरा दिवसांनी वॉचमनकडून कळलं, त्यातल्याच तिसऱ्या घरात ते राहायला आलेत, मालकाशी परस्पर ठरवून. रविवारची दुपार माझ्या मुलीला न देता मी त्यांना दिली होती. ते मला अजून लागतं.

आणि घर पसंत पडल्यावर खरं काम सुरू होतं. बरेच मालक म्हणतात, ‘अकरा महिन्यांचंच आहे, नोटरी करून टाका.’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर भाड्याने देण्याचा करारसुद्धा, लेखी आणि नोंदणीकृत लागतं, आणि ती जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसली आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. हे मी दर वेळी बसून समजावते. खर्च फार नसतो. मुद्रांक शुल्क अकरा महिन्यांच्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे महिना १८,००० भाड्याला पाचशेच्या आसपास, आणि शहरात नोंदणीचे १,०००.

खर्चापेक्षा वेळ जातो तो अंगठ्यात. कर्वेनगरच्या एका घरमालक आजींकडे नोंदणीसाठी बोटांचे ठसे घेणारं बायोमेट्रिकचं मशीन घेऊन गेलो. आयुष्यभर भांडी-धुणं केलेला हात, बोटांवरच्या रेषा पार पुसट झालेल्या. अंगठा घेतला, नाही. पुसून घेतला, नाही. आजी ओशाळल्या, ‘माझंच काहीतरी चुकतंय का गं?’ म्हणाल्या. मी त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून जरा चोळला, मग एकेक बोट लावत गेले. डाव्या हाताची अनामिका लागली, तेव्हा सव्वा तास झाला होता. भाडेकरू मुलगा तोवर त्यांच्या टीव्हीचा रिमोट दुरुस्त करत बसला होता. पुढे त्या दोघांची कधी कुरबुर झाली नाही. ती ओळख त्या सव्वा तासातच झाली, असं मला वाटतं.

आडनावाचं मात्र मान्य करते. पहिली चार वर्षं मीही फोनवरच विचारायचे, ‘फॅमिली ना? आडनाव काय? नॉनव्हेज खाता का?’ अट मालकाची, मी फक्त निरोप्या, अशी मनाची समजूत घालायचे. एका नर्सचं नाव ऐकून मी ‘घर गेलं’ म्हणाले. ती हळूच म्हणाली, ‘ताई, जाहिरात तर आत्ता सकाळी टाकलीत.’ मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून अशी अट घालणाऱ्या मालकाचं घर मी घेत नाही. पगार नियमित आहे का, किती जण राहणार, पोलीस व्हेरिफिकेशनला कागद देणार का, एवढंच विचारते. त्यामुळे माझ्याकडे घरं कमी असतात, हे खरं आहे.

तुमच्या १५,००० चं राहिलं. तुमचं ॲग्रीमेंट काढा आणि रंगकामाचं कलम वाचा. नेहमीच्या वापराने होणारी झीज बहुतेक वेळा भाडेकरूने द्यायच्या भरपाईतून वगळलेली असते. रंगाची रक्कम ठरवून लिहिलेली नसेल, तर मालकांकडे रंगाऱ्याचं बिल लेखी मागा, व्हॉट्सॲपवरही चालेल, भाषा सभ्य ठेवा. राहायला आलात त्या आठवड्यातले फोटो फोनमध्ये असतील तेही शोधा, मुलांच्या वाढदिवसाचे, पूजेचे, मागे भिंत दिसत असेल असे कुठलेही. कलम समजलं नाही तर त्या पानाचा फोटो मला पाठवा. आधार नंबर तेवढा झाकून.