ती ओळ का कापली?

आज ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. लेकीच्या शाळेत ‘थोर स्त्रिया’ कार्यक्रम होता. सहावीतल्या मुलींनी एकेकीचा वेश करून यायचं, गळ्यात तिचा फोटो अडकवायचा आणि दोन मिनिटं माहिती सांगायची. सात सावित्रीबाई, पाच जिजाऊ, चार झाशीच्या राण्या. डॉ. रखमाबाई एकच, माझी लेक.

भाषण तिनंच लिहिलं होतं, मी फक्त शुद्धलेखन बघितलं. त्यात एक वाक्य होतं: ‘कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, मी तुरुंगात जाईन.’ वही तपासून आली तेव्हा त्या वाक्यावर लाल रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, ‘नको.’

उरलं काय? जन्म २२ नोव्हेंबर १८६४, मुंबई. लंडनला शिक्षण. थोर डॉक्टर. मृत्यू २५ सप्टेंबर १९५५. अहो, ही माहिती आहे की रेशन कार्ड?

ती एक ओळ काढली की रखमाबाई उरतातच कुठे? अकराव्या वर्षी लग्न लावलं, त्या आईकडेच राहिल्या, आणि मोठ्या झाल्यावर नांदायला जायचं नाही म्हणाल्या. नवरा १८८४ मध्ये कोर्टात गेला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूनं लागला, पण अपील झालं आणि १८८७ च्या मार्चमध्ये उलटा निकाल आला. वीस-बावीस वर्षांची पोर! सगळा गाव विरोधात, ‘केसरी’तून टीका, तरी ती हलली नाही. पुढे मुलींच्या संमतीचं वय दहावरून बारा करणारा १८९१ चा संमतीवयाचा कायदा झाला, त्यामागच्या वादात या खटल्याचा मोठा वाटा होता.

मुलं लहान आहेत, असं वर्गाच्या बाईंचं म्हणणं. रखमाबाईंचं लग्न लागलं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. माझी लेक आज अकराची आहे. हे सोसायला वय चालतं आणि ऐकायला चालत नाही?

आणि तुरुंग शब्दाचं तर बोलूच नका. याच वर्गातला एक मुलगा १ ऑगस्टला टिळकांवर बोलला, मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं, आणि आम्ही सगळ्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण काल रात्री लेक विचारत होती, ‘आई, टिळक तुरुंगात गेलेले चालतात, मग रखमाबाईंचं का नको?’ मला उत्तर देता आलं नाही.

हे फक्त या शाळेचं नाही. लहानपणी आपण स्टेशनरीच्या दुकानातून थोर व्यक्तींचे चार्ट आणायचो, आठवतंय? पुढे चित्रं, मागे बारीक अक्षरात माहिती. चित्र कापून वहीत चिकटवलं की मागची माहिती डिंकात जायची. मी आनंदीबाई जोशींचं चित्र असंच चिकटवलं होतं. मला वर्षानुवर्षं एवढंच माहीत, पहिल्या महिला डॉक्टर. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला, हे मला कॉलेजात कळलं. त्या अमेरिकेला शिकायला का गेल्या, ते मला त्या दिवशी समजलं. आपण मात्र पहिली आनंदीबाई की कादंबिनी गांगुली, यावर भांडत बसतो.

बरं, बाईंची अडचणही कळते. वर्गात पन्नास मुली, दोन-दोन मिनिटं, वर एखादा पालक भांडायला यायचा. आमच्या बाई वाईट नाहीत, लेकीला कासोटा त्यांनीच नीट घालून दिला, पिन टोचू नये म्हणून आतून रुमाल लावून दिला. त्यांच्यावर चिडून मी हे लिहायला बसले खरी, पण ही भीती त्यांच्या एकट्यांची नाही. ती रेघ आपण सगळ्यांनी मिळून मारलीय.

मला सहन झालं नाही ते पुढचं. लेक स्टेजवर छान बोलत होती. त्या जागी आली आणि थांबली. घरी आठ दिवस ते वाक्य म्हणून म्हणून जिभेला बसलेलं. दोन सेकंद नुसती उभी राहिली, गळ्यातला फोटो हातानं धरला आणि पुढचं वाक्य म्हणाली. सगळ्यांना वाटलं विसरली. ‘थोडी अडखळली, बाकी छान,’ असं बाईही म्हणाल्या.

संध्याकाळी माझ्या आईचा फोन आला. तिचं लग्न पंधराव्या वर्षी झालेलं. नातीला म्हणाली, मला म्हणून दाखव तुझं भाषण. लेकीनं पूर्ण म्हटलं, कापलेल्या ओळीसकट. फोन स्पीकरवर होता. पलीकडे आई गप्प. मग म्हणाली, ‘मग? गेली का गं ती तुरुंगात?’

‘नाही गं आजी. दुसऱ्या वर्षी तडजोड झाली, नवऱ्याला दोन हजार रुपये दिले. मग ती लंडनला गेली. मग सुरतला डॉक्टर झाली, मग राजकोटला.’

‘नांदायला नाही ना गेली?’

‘नाही.’

‘बरं केलं बाई,’ आई म्हणाली.