पीनार रमला होता, एव्हर्टनमध्ये

एका लेखात दक्षिण आफ्रिकेचा फुटबॉलपटू स्टीवन पीनार याला 'कुठेच न रमलेला खेळाडू' म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. जोहान्सबर्गच्या वेस्टबरीतला हा पोरगा आयाक्स, डॉर्टमुंड, टॉटनहॅम, संडरलंड अशा क्लबांत फिरला खरा, पण एव्हर्टन या इंग्लिश क्लबमध्ये तो मनापासून रमला. २०११ मध्ये टॉटनहॅमला गेला आणि वर्षभरात, लोनवर (म्हणजे उसना) का होईना, परत आला! डावीकडे त्याची आणि एव्हर्टनचा डावा बचावपटू लेटन बेन्सची जोडी काय जमायची! पीनार चेंडू घेऊन आत वळायचा, समोरच्या संघाचा बचावपटू त्याच्यामागे ओढला जायचा आणि मोकळ्या कडेने बेन्स सुसाट. पास अगदी बरोबर पायात. २०१० च्या वर्ल्डकपमधला दक्षिण आफ्रिकेच्या शबालालाचा मेक्सिकोविरुद्धचा गोल सगळ्यांना आठवतो, पण त्याच संघात मधल्या फळीत राबणाऱ्या पीनारचं नावही कुणी काढत नाही, याचं फार वाईट वाटतं.