किरकोळ

आमच्या टीममध्ये जूनमध्ये एक मुलगी लागली. रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता शिकून आलेली, लिहिते छान. परवा एक प्रेसनोट तपासून झाल्यावर तिनं एकदम विचारलं, "मॅडम, दिवसभर कंपनीच्या तोंडचं लिहायचं, मग यात आपण स्वतः कुठं असतो?" चल, आधी चहा घेऊ, म्हणून मी वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितेय.

लिंक्डइनवर हल्ली जो तो 'ऑथेंटिक राहा' सांगतो. बहुतेकांच्या लेखी त्याचा अर्थ असतो स्वतःविषयी मोकळं बोलणं, आपलं अपयश सांगणं. बोलावं की. पण कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये आपण लिहितो ते दुसऱ्यांबद्दल. आपलं वाक्य ज्याच्याबद्दल आहे, त्याच्यासमोर बसून ते वाचून दाखवता येईल का? माझ्या मते आमचा खरेपणा तिथे कळतो. आणि हे मला फार उशिरा, फार वाईट रीतीनं कळलं.

२०११ साल. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्याचं जनसंपर्काचं काम मी बघायचे. रात्री नऊच्या सुमारास एचआरमधून फोन आला, पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापायच्या यंत्रावर) एकाच्या हाताला लागलंय, किरकोळ आहे, पेपरवाले विचारतायत, दोन ओळी पाठवा. मी पाठवल्या. 'एका कामगारास किरकोळ दुखापत झाली असून त्याची प्रकृती स्थिर आहे.' पाच मिनिटांचं काम. जेवून झोपले.

सकाळी साडेसातला एका स्थानिक दैनिकाच्या वार्ताहराचा फोन. आवाज चढलेला नव्हता. एवढंच विचारलं, "ताई, किरकोळ म्हणजे किती बोटं?"

दोन. उजव्या हाताची.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेले. तो पलंगावर बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. पाण्याची बाटली दोन गुडघ्यांत धरून डाव्या हातानं झाकण फिरवत होता आणि बाटलीच फिरत होती. मी पुढे झाले तर म्हणाला, "राहू द्या मॅडम, सवय करायचीय." उशाशी पेपरची घडी होती. त्याच्या आईनं ती उलगडून माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "हे कुनी लिवलं?" मी म्हटलं, मी. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑफिसला येऊन मी साहेबांना म्हटलं, दुरुस्ती पाठवू या. ते म्हणाले, बातमी शिळी झाली, आता कशाला उकरून काढता? आणि मी गप्प बसले. चूक घाईत होऊ शकते, पण गप्प बसले ते पूर्ण शुद्धीत. त्यानंतरही दोन वर्षं तिथलाच पगार घेतला.

पुढे मी कारखाने अधिनियम, १९४८ काढून वाचला. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकणार नसेल, तर तो अपघात या कायद्यानं सरकारला कळवावा लागत असे. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं गेली की कमावण्याची क्षमता २० टक्के घटली असं धरत असत. म्हणजे मी ज्याला किरकोळ म्हटलं, त्याचं माप छापील होतं. मी ते पाहिलं नव्हतं, कुणाला विचारलंही नव्हतं.

जनसंपर्काच्या अभ्यासक्रमात आयव्ही ली हे नाव सुरुवातीलाच येतं. १९०६ मध्ये या अमेरिकन गृहस्थानं वर्तमानपत्रांना जाहीरनामा पाठवला, की आमचं काम उघड्यावर चालेल, माहिती अचूक असेल, ती पडताळायला आम्ही मदत करू. परीक्षेत यावर टिपा लिहून आम्ही मार्क मिळवले. पुढचं मात्र मी नोकरीत असताना वाचलं. १९१४ मध्ये कोलोरॅडोतल्या लडलो इथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंच्या वस्तीवर गोळीबार झाला, वस्ती पेटली, बायका-मुलं गेली. खाणीच्या मालकांच्या, म्हणजे रॉकफेलरांच्या वतीनं याच लींनी पत्रकं काढली. त्यांत संपाच्या पुढाऱ्यांच्या पगाराचे आकडे भरमसाट फुगलेले होते. चौकशी आयोगापुढे त्यांनी कबूल केलं, की माहिती कंपनीकडून आली होती आणि आपण ती पडताळली नव्हती. जाहीरनामा लिहून आठ वर्षंच झाली होती. हे वाचलं त्या रात्री मला तो एचआरचा फोन आठवला. मीही दुसरं काय केलं होतं?

नंतर मी नोकरी बदलली. तिथे एकदा कँटीनच्या जेवणातून कामगारांना विषबाधा झाली. या वेळी मी आधी हॉस्पिटल गाठलं, डॉक्टरांशी बोलले, नातेवाइकांशी बोलले आणि पायऱ्यांवर बसून मोबाइलवर नोट लिहिली. किती जण दाखल आहेत, अतिदक्षता विभागात किती, कारण अजून कळलेलं नाही, सकाळी ११ वाजता पुन्हा माहिती देऊ. कायदा विभागाला ते 'कारण अजून कळलेलं नाही' खुपत होतं, त्यातून कबुली निघते म्हणे. तासभर भांडले. वाक्य राहिलं. सकाळी अकराला मी गेटवर उभी होते, आणि पत्रकार माझ्या उत्तरांची वाट बघत थांबले होते.

माझी वाढ म्हणाल तर ही. पदं मिळाली, इंग्रजी सुधारलं, कॅमेऱ्यासमोरची भीती गेली. कात्रणं फुटपट्टीनं मोजून, जाहिरातीच्या दरानं गुणून 'एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळवली' असे रिपोर्टही वर्षानुवर्षं केले. त्यातलं काहीच मला आज मोलाचं वाटत नाही. मोलाचं वाटतं ते उठून जाऊन बघणं, आणि 'हे मी लिहिणार नाही' असं साहेबांना तोंडावर सांगता येणं. दुसरं शिकायला मला चाळिशी उजाडली. घराचा हप्ता असतो, मुलांची फी असते, नव्या मुलांना हे सोपं आहे असं मी कधीच सांगणार नाही. पण त्या मुलीला एवढं नक्की सांगेन, की लिहिण्याआधी जायला गाडी माग. नाही मिळाली तर माझी घेऊन जा.

आणि एक काम राहिलं होतं. त्या कामगाराचं नाव मला पाठ आहे, इथे लिहीत नाही. तो मराठवाड्यातला, पुढे गावी परत गेला असं कळलं.

दुरुस्ती: २०११ मध्ये मी पाठवलेल्या निवेदनात एका कामगारास किरकोळ दुखापत झाल्याचं म्हटलं होतं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.