पलंग आणि पडदे सगळ्यात शेवटी

जुनी गाडी घेऊन तिचे फिरते घर करण्याचे वेड आता मराठवाड्यातही पोचले आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. परंतु अशा गाड्यांचे जे फोटो आपण कौतुकाने पाहतो त्यांत गादी, पडदे आणि रंगीत दिवेच असतात, ब्रेक आणि रेडिएटर कुणी दाखवत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की या कामात खर्चाचा क्रम चुकला की पुढचे सगळेच चुकते, आणि तो क्रम सांभाळण्यासाठी जवळ पैसा असण्यापेक्षा तोंडावर 'नाही' म्हणणारा एक जाणकार मित्र असणे जास्त महत्त्वाचे आहे.

आमची गाडी म्हणजे बजाज टेम्पोची जुनी ट्रॅव्हलर. हे मॉडेल 1987 साली बाजारात आले. त्याचे मूळ मर्सिडीजच्या टी 1 व्हॅनमध्ये आहे आणि आतले ओएम 616 हे सुमारे 2.4 लिटरचे डिझेल इंजिनही मर्सिडीजच्याच परवान्याने बनलेले. (सरकारी व्याख्येप्रमाणे ती 'विंटेज' नव्हे. 2021 च्या नियमांनुसार तो मान पहिल्या नोंदणीला 50 वर्षे होऊन गेलेल्या गाड्यांना मिळतो आणि त्या रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाहीत, तेव्हा मान नाही तेच बरे.) इंजेक्शन पंप पूर्णपणे यांत्रिक असल्यामुळे पान्यांची पेटी आणि डोके असलेला माणूस हे इंजिन आजही स्वतः उघडू शकतो. माझा मित्र तसा माणूस आहे. वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्याची नोकरी झाली, आणि बाजारात न मिळणारा बुश (फिरत्या भागाभोवती बसणारी धातूची नळी) लेथवर कुणाकडून, कोणत्या मापाचा करून घ्यायचा हे तो झोपेतही सांगेल.

मी सुताराला बोलावणार होतो. मित्राने विचारले, "मास्तर, झोपायचं कुठं ते नंतर ठरवू, आधी पाणी कुठं अडतंय ते बघू का?"

रेडिएटरची वरची टाकी डाग (सोल्डरचा जोड) सोडवून काढली तेव्हा निम्म्याहून अधिक नळ्यांची तोंडे पांढऱ्या, दगडासारख्या घट्ट थराने बुजलेली दिसली. बारीक सळी आत जात नव्हती. हे आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे काम. गाडी तापली की ढाब्यावरची नळी लावून पाणी भरायचे, ही आपल्याकडची सार्वत्रिक पद्धत इंजिनाला आतून हळूहळू मारते. तांब्या-पितळेचा रेडिएटर असल्यामुळे रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांतून सळी फिरवून, पुन्हा डाग देता आला. हल्लीच्या ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या रेडिएटरला हे भाग्य नाही. आता आम्ही डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचेच मिश्रण वापरतो आणि त्याचा एक कॅन गाडीतच ठेवतो.

दुसरा वाद थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचा (गॅरेजच्या भाषेत 'वॉल'चा). "आपल्याकडं ऊनच एवढं आहे, तो वॉल काढूनच टाका," असे जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये सांगतात. ज्या इंजिनात बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारा, मार्ग थर्मोस्टॅटच बंद करतो, त्यात तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाता तसाच फिरत राहतो, म्हणजे ज्या भीतीने वॉल काढला तेच ओढवून घेतल्यासारखे होते. मित्राने आमचा थर्मोस्टॅट घरच्या पातेल्यात, पाण्यात दोऱ्याला टांगून गॅसवर ठेवला. 80 अंशांच्या पुढे पितळी चकती हळूच उचलली गेली आणि तो जसाच्या तसा परत बसला. पातेले मात्र सौभाग्यवतींनी परत घेतले नाही.

ब्रेकच्या व्हील सिलिंडरची रबरे बदलली आणि ऑइल नवे भरले, कारण ते हवेतली आर्द्रता शोषते आणि कन्नडच्या औट्रम घाटासारख्या लांब उतारावर तापले की पायाखालचा ब्रेक पोकळ होतो. टायरची नक्षी चांगली होती, तरी मित्राने ते नाकारले. टायरच्या कडेवरच्या तारखेच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल सांगतात. 2314 म्हणजे 2014 चा 23 वा आठवडा, आणि उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर न झिजताच म्हातारे होते.

गॅरेजवाल्याला गिऱ्हाईक टिकवायचे असते, म्हणून तो "होऊन जाईल सर" म्हणतो. यात त्याचा दोष नाही. मित्राला ती अडचण नसते. छतावर जड सामानाचे कॅरिअर बसवायचे माझे म्हणणे त्याने गाडी वळणावर कलेल एवढे सांगून मोडीत काढले. आतली मांडणी बदलण्याआधी आरटीओत विचारायलाही त्यानेच पाठवले, कारण मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. मात्र मित्र आहे म्हणून त्याचे श्रम फुकट समजू नयेत. तो मजुरी घेत नाही, तेव्हा सुट्या भागांचे पैसे मी आधीच त्याच्या हातात देतो, आणि तो गाडीखाली असताना टॉर्च धरून शेजारी मी बसतो.

सध्या काम अडले आहे ते मागच्या दाराच्या रबर बीडिंगपाशी, म्हणजे कडेच्या पट्टीपाशी. नवी मिळते ती मापाला बसत नाही आणि पहिल्या पावसात पाणी थेट पत्र्याच्या सांध्यात उतरेल. जालना, परभणी किंवा नांदेडकडे जुन्या स्पेअरवाल्याकडे जुन्या ट्रॅव्हलरची बीडिंग कुणाला दिसली तर कृपया कळवावे. सुताराला अजून बोलावलेले नाही.