ऑब्जेक्ट पाठवायचाय ना? द्या ढकलून

तुमचा प्रोग्राम विंडोजवर, समोरच्याचा लिनक्सवर, आणि मॅनेजरने क्लायंटला सांगूनपण टाकलंय की शुक्रवारपर्यंत दोन्ही एकमेकांशी बोलायला लागतील. म्हणजे इकडच्या मेमरीतला ऑब्जेक्ट (एकत्र बांधलेली माहिती) बाईटमध्ये करून पाठवायचा आणि तिकडे जसाच्या तसा उभा करायचा. अभिनंदन. आता टीममधला एखादा शहाणा म्हणेल की आधी फॉरमॅट ठरवू, कुठलं फील्ड किती बाईटचं ते लिहून काढू. अजिबात ऐकू नका. लग्नाआधी देण्याघेण्याच्या याद्या करत बसणारी माणसं ही, आपण डायरेक्ट बोहल्यावर चढायचं.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सी मधला स्ट्रक्ट, म्हणजे फील्डचं गाठोडं, मेमरीत जसा आहे तसाच फाइलमध्ये ओतणे. समजा दोनच फील्ड आहेत, खात्याचा प्रकार एक कॅरेक्टर आणि रक्कम एक लाँग, म्हणजे पूर्णांक. विंडोजवर लाँग 4 बाईटचा, मध्ये कंपायलरने घातलेलं 3 बाईट पॅडिंग म्हणजे रिकामी भर, टोटल 8. 64 बिट लिनक्सवर तोच लाँग 8 बाईटचा, पॅडिंग 7, टोटल 16. म्हणजे तुम्ही इकडून दोन खातेदार बसवून दिले की तिकडे एकच उतरतो, प्रकार पहिल्याचा आणि रक्कम म्हणून दुसऱ्याचं अख्खं रेकॉर्ड. त्या दुसऱ्याचे 500 रुपये असतील तर पहिल्याच्या नावावर दोन लाख चौदा हजार कोटींच्या वर जमा दिसतात. हिशोब करून बघा, खोटं नाही सांगत. आणि तक्रार कोण करणार? दुसरा तर उरलाच नाही, आणि पहिला कशाला करतोय.

तिकडे आयबीएमचा मेनफ्रेम असला तर दुधात साखर. आपला इंटेल आकड्याचा लहान बाईट आधी लिहितो, तो मोठा आधी वाचतो, त्यामुळे तुम्ही 4 बाईटमध्ये पाठवलेला 1 त्याच्याकडे 1,67,77,216 होतो. एवढा परतावा कुठल्या भिशीत मिळतो सांगा. ह्यावर सन कंपनीने एक्सडीआर नावाचं स्टँडर्ड काढलं होतं, 1987 साली त्याचा आरएफसी, म्हणजे जाहीर दस्तऐवजपण आला, सगळं 4 बाईटच्या पटीत आणि मोठा बाईट आधी, मशीन कुठलंपण असो. वाचू नका हं. वाचलं तर आपण आज जे शोधतोय ते तेव्हाच सुटलेलं होतं हे कळतं आणि उगाच वाईट वाटतं.

सी नको वाटत असेल तर जावा घ्या. क्लासपुढे सीरियलायझेबल, म्हणजे ह्याच्या ऑब्जेक्टचे बाईट करता येतात, एवढं लिहिलं की काम झालं. व्हर्जनचा तो यूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, स्वतः द्यायचा नाही, मग जावा क्लासची फील्ड आणि मेथड बघून स्वतःच काढतं, आणि तुम्ही एक निरुपद्रवी मेथड वाढवली की समोरच्याकडे इनव्हॅलिड क्लासची एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. तो फोन करेल, तुम्ही म्हणायचं आम्ही तर काहीच बदललं नाही. बाय द वे, जावाच्या प्रत्येक सीरियलाइज्ड स्ट्रीमचे पहिले दोन बाईट हेक्समध्ये एसी आणि ईडी असतात. आपल्याकडे ह्यावर वेगळं काही बोलायची गरज नाही, दार उघडायच्या आधी विचार करायचा असतो एवढं सगळ्यांना माहितीये. 2015 मध्ये कॉमन्स कलेक्शन्स ह्या जावाच्या लायब्ररीच्या निमित्ताने जगाला कळलं की असलं पार्सल नुसतं उघडलं तरी आतला माणूस तुमच्या सर्व्हरवर कमांड चालवू शकतो. पण आपल्याला कोण हॅक करतंय.

मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटवाल्यांसाठी ह्याच कामाला बायनरी फॉरमॅटर होता. तुमच्या असेंब्लीचं (कंपाइल झालेल्या कोडच्या फाइलचं) नाव, व्हर्जन, सगळी कुंडली तो स्ट्रीममध्ये घालायचा, म्हणजे समोरच्याकडेपण तेच घराणं पाहिजे. मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये डॉट नेट 9 मधनं तो काढला, आता हाक मारली की नुसती एक्सेप्शन फेकतो. तुम्ही जुन्याच व्हर्जनवर राहा, घाई काय आहे.

पायथनवाल्यांनी त्यांचं ह्याच कामाचं पिकल वापरावं. विंडोजवर फाइलचा पाथ पाथलिब ह्या लायब्ररीने बनवा, तो मॉडेलच्या सेटिंगमध्ये राहू द्या, पिकल करा, लिनक्स सर्व्हरवर उघडा. पायथन म्हणतो विंडोजपाथ तुमच्या सिस्टिमवर बनवता येत नाही. बरोबरच आहे, सी ड्राइव्ह तिकडे नसतोच.

तारखा तर न विचारताच पाठवा. विंडोजचा फाइलटाइम 1 जानेवारी 1601 पासून 100 नॅनोसेकंदांचे ठोके मोजतो, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या 29 वर्षं आधीपासून. लिनक्सवाले 1970 पासून सेकंद मोजतात. दोन्हीकडे आकडाच आहे, आकडा पोचल्याशी मतलब.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय, मराठी नावं. एका ठिकाणी (नाव नको) आमच्याकडे ग्राहकाच्या नावाला 20 बाईट ठेवले होते, इंग्लिशमध्ये टेस्ट केलं, सगळं हिरवं. मग आला ज्ञानेश्वर. यूटीएफ-8 ह्या अक्षरं बाईटमध्ये लिहायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाईट खातं, ह्या नावात काना मात्रा पायमोड धरून 10 चिन्हं, म्हणजे 30 बाईट. 20 बाईटला कापलं की "ज्ञाने" पर्यंत गाडी नीट येते आणि पुढच्या श चे दोनच बाईट आत शिरतात, तिसरा फलाटावर. स्क्रीनवर "ज्ञाने" आणि पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. समोरच्या टीमने तिकीट टाकलं की नावातला कचरा साफ करावा. आम्ही तो केलापण, ते ग्राहक आता नुसते ज्ञाने आहेत. दुसऱ्या एका मशीनवर तेच बाईट विंडोजच्या जुन्या 1252 एन्कोडिंगने वाचले गेले तर प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला डोक्यावर तिरकी काडी घेतलेला ए, अख्खी वारीच चाललीये असं वाटतं.

एवढं सगळं करून कोणी फारच मागे लागलं तर जेसन, म्हणजे साध्या मजकुरातला फॉरमॅट द्या, त्यातपण 19 आकडी ट्रान्झॅक्शन आयडी नंबर म्हणून द्या, कोट्समध्ये नको. जावास्क्रिप्टला 9007199254740992 च्या पुढे सगळे पूर्णांक नीट धरता येत नाहीत, शेवटचे दोनतीन आकडे तो आपल्या मनाने घालतो.

आणि फाइल पाठवताना एफटीपी ॲस्की मोडवरच, म्हणजे साध्या मजकुरासाठी असलेल्या मोडवर ठेवा. विंडोजच्या मजकुरात ओळ 13 आणि 10 ह्या दोन बाईटनी संपते, लिनक्सवर नुसत्या 10 ने. बायनरीत जिथे जिथे योगायोगाने 13 आणि 10 शेजारी आले असतील तिथला 13 लिनक्सला जाताना गळतो. समोरून फोन आला की फाइल सतरा बाईट कमी आलीये, तर म्हणायचं, लांबचा प्रवास आहे साहेब, वाटेत झिजली असेल.