युरोपीय संघाचा विस्तार आणि हापूसवरचे कथित संकट

सध्या रत्नागिरी, राजापूर आणि देवगड भागांतील आंबा बागायतदारांच्या आणि मच्छीमारांच्या व्हॉट्सॲप गटांत एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा : युरोपीय संघ नगरपालिकेच्या हद्दवाढीप्रमाणे शेजारचे देश ओढून घेतो आणि आत गेलेल्याला बाहेर पडता येत नाही, युद्धाच्या निमित्ताने युक्रेनला रातोरात सदस्य करून घेतले, २००४ मध्ये आलेल्या गरीब देशांनी जुन्या सदस्यांना बुडवले आणि म्हणूनच ब्रिटन पळाला, संघात जितके देश वाढतील तितका कोकणच्या हापूसचा आणि मासळीचा मार्ग बंद होईल, २०१४ ची आंबाबंदी हा त्याचा पुरावा आहे, तेव्हा निर्यातीसाठी बागेची नोंदणी करण्यात अर्थ नाही. या शेवटच्या सल्ल्यामुळे संदेशाकडे दुर्लक्ष करणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यावर विसंबून कोणी नोंदणी टाळली तर हंगामाचे नुकसान त्या बागायतदारालाच सोसावे लागेल.

हद्दवाढीची उपमा मुळातच चुकलेली आहे. हद्दवाढीची अधिसूचना राज्य सरकार काढते आणि गावकऱ्यांच्या हरकती मागवल्या तरी अंतिम निर्णय गावाच्या हाती राहत नाही. युरोपीय संघात मात्र अर्ज त्या देशाने स्वतःहून करायचा असतो, आणि त्यानंतर प्रत्येक विद्यमान सदस्याची संमती, युरोपीय संसदेची मंजुरी आणि सर्व सदस्य देशांची स्वतंत्र मान्यता मिळाल्याशिवाय प्रवेश होत नाही. नॉर्वेने वाटाघाटी पूर्ण करून करारावर सही केली होती, तरीही १९७२ आणि १९९४ अशा दोन्ही सार्वमतांत तिथल्या जनतेने नकार दिला. त्यामागे मासेमारीचा प्रश्न मोठा होता, आणि तो मिरकरवाडा, हर्णै किंवा मालवणच्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मूळच्या सहा सदस्यांनी १९७० मध्ये, म्हणजे नॉर्वे, ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क या मासेमार देशांशी वाटाघाटी सुरू होत असतानाच, एकमेकांच्या समुद्रात सर्वांच्या बोटींना समान प्रवेश देण्याचे तत्त्व ठरवून टाकले. आपल्या किनाऱ्यासमोर परक्या बोटी येणार, ही भीती नॉर्वेच्या उत्तरेकडील कोळ्यांना होती आणि ती निराधार नव्हती. डेन्मार्कबरोबर १९७३ मध्ये आत ओढल्या गेलेल्या ग्रीनलंडने तर १९८२ मध्ये सार्वमत घेतले आणि मासळीवरचा हक्क स्वतःकडे ठेवण्यासाठी १९८५ मध्ये तो बाहेर पडला. पुढे २०२० मध्ये ब्रिटनही गेला. बाहेर पडणे महागात पडते हे खरे, पण पडता येत नाही हे सपशेल खोटे आहे.

युक्रेनविषयीचा दावा तारखा पाहिल्या की टिकत नाही. अर्ज २८ फेब्रुवारी २०२२ रोजी झाला, त्याच वर्षी जूनमध्ये उमेदवार देशाचा दर्जा मिळाला आणि वाटाघाटी औपचारिकपणे जून २०२४ मध्ये सुरू झाल्या. उमेदवारी म्हणजे सदस्यत्व नव्हे. तुर्कस्तानचा अर्ज १९८७ चा आहे, त्याला उमेदवारी १९९९ मध्ये मिळाली, आणि तो आजही बाहेरच आहे. उत्तर मॅसिडोनियाची कथा अधिक क्लेशकारक आहे. त्या देशाला २००५ मध्ये उमेदवारी मिळाली, परंतु ग्रीसने नावावर हरकत घेतल्यामुळे वर्षानुवर्षे दार उघडले नाही. अखेर २०१९ मध्ये त्याने देशाचे नाव बदलले, आणि लगेच २०२० मध्ये बल्गेरियाने भाषा व इतिहासाचा मुद्दा काढून अडवणूक केली. विस्तारावर टीका करायचीच असेल तर ती या ठिकाणी करावी, कारण एकमताच्या अटीमुळे एकच सदस्य आपले शेजाऱ्याशी असलेले जुने भांडण साऱ्या संघाच्या माथी मारू शकतो.

गरीब देशांनी जुने सदस्य बुडवले, हा दावा आकडेवारीशी जुळत नाही. १ मे २००४ रोजी दहा देश आले, त्यांत पोलंड सर्वांत मोठा. त्या वेळी किंमतींमधील फरक लक्षात घेऊन मोजलेले पोलंडचे दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास होते, ते आता सुमारे चार पंचमांशापर्यंत पोहोचले आहे, आणि जर्मनीच्या प्रमुख व्यापारी भागीदारांत पोलंडची गणना होते. नव्या देशांच्या शेतकऱ्यांना थेट अनुदानही पहिल्या वर्षी जुन्यांच्या २५ टक्केच मिळाले, म्हणजे तिजोरी कोणी एका रात्रीत रिकामी केली नाही. ब्रिटनच्या २०१६ च्या सार्वमतात पूर्व युरोपातून आलेल्या कामगारांचा मुद्दा गाजला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र नव्या देशांच्या कामगारांवर सात वर्षांपर्यंत निर्बंध ठेवण्याची मुभा जुन्या सदस्यांना होती, आणि जर्मनी व ऑस्ट्रियाने ती २०११ पर्यंत वापरली. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी पहिल्याच दिवशी दार उघडले, आणि ब्रिटनपुरता तो निर्णय लंडनमध्ये झाला होता.

आता आंब्याकडे येतो. क्रोएशिया १ जुलै २०१३ रोजी अठ्ठाविसावा सदस्य झाला आणि १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी आली, एवढ्या दोन तारखा जोडून संदेशात कार्यकारणभाव उभा केला आहे. बंदीचे खरे कारण फळमाशी होते. फळमाशी पक्व होऊ लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. बाहेरून सुईच्या टोकाएवढा डाग दिसला तर दिसतो, आणि अळी आत गरात वाढत राहते. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या दोनशेहून अधिक खेपांत अशा किडी सापडल्या, आणि म्हणून आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांवरही बंदी घातली गेली. क्रोएशियाला आपल्या पडवळाचे काय वावडे असणार? शिवाय युरोपात आपल्या आंब्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक तेव्हा ब्रिटन होते, आणि ते १९७३ पासूनचे सदस्य. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठवण्याचे ठरले तेव्हाही सदस्य अठ्ठावीसच होते. बदल झाला तो आपल्याकडे, पॅकहाउसमधल्या, म्हणजे निर्यातीचा माल निवडून पेट्यांत भरण्याच्या केंद्रातल्या तपासणीत आणि कीड मारण्यासाठी फळावर करायच्या उष्ण प्रक्रियेत.

नवा देश आत आला की त्याला संघाची सामायिक जकात आणि वनस्पती-आरोग्याचे सामायिक नियम स्वीकारावे लागतात. यात आपला तोटा कधीच होत नाही, असे मी म्हणणार नाही. एस्टोनियाने प्रवेशापूर्वी आयात शुल्क जवळजवळ शून्यावर आणले होते, ते त्याला संघात जाताना वाढवावे लागले. परंतु अशी वाढ झाल्यास बाहेरच्या देशांशी भरपाईच्या वाटाघाटी कराव्या लागतात, ही तरतूद जागतिक व्यापाराच्या नियमांत, गॅट कराराच्या चोविसाव्या अनुच्छेदात आहे. उलट बाजूने पाहता, एकाच नियमावलीनुसार तयार केलेला माल आणखी एका देशात विकता येतो. युक्रेन आणि मोल्दोवा गहू, मका, सूर्यफूल पिकवतात. आंब्यात ते आपले स्पर्धक नाहीत. संघात आंबा पिकतो तो मुख्यत्वे दक्षिण स्पेनमध्ये, आणि स्पेन १९८६ पासून सदस्य आहे. मासळीचेही तेच. स्पेन-इटलीत खपणाऱ्या म्हाकुळाबरोबर (स्क्विड) २०१० पासून पकड प्रमाणपत्र, म्हणजे मासळी कायदेशीरपणे पकडल्याचा दाखला, द्यावे लागते, आणि सदस्य सत्तावीस असोत वा तीस, ती अट तीच राहणार आहे.

राहिला नोंदणीचा प्रश्न. युरोपसाठी माल भरणारे पॅकहाउस मँगोनेटवर, म्हणजे निर्यातीच्या आंबा बागांच्या ऑनलाइन नोंदवहीत, कृषी विभागाकडे नोंदवलेल्या बागेतलाच आंबा घेते, आणि ती नोंदणी नसेल तर फळ कितीही निर्मळ असले तरी पेटी स्थानिक दलालाकडेच जाते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे फळमाशी पकडणारे ‘रक्षक’ सापळे वेळेवर बागेत टांगणे, फवारणीची वही नियमित भरणे आणि तालुका कृषी कार्यालयात मुदतीपूर्वी अर्ज देणे ही तिन्ही कामे बागायतदाराच्या हातातली आहेत, आणि युक्रेनचे काय ठरते याची वाट पाहत ती थांबवण्याचे कोणतेही कारण या संदेशात दिलेले नाही.