घाबरवणारा आणि औषध विकणारा एकच

सम्यानं मोबाइल पुढं धरला. शिल्पानं एकदा बघितलं आणि मोबाइल कट्ट्यावर पालथा घातला. "सकाळी सकाळी हे काय दाखवतोस रे?"

जुन्या अमेरिकी जाहिरातीचा फोटो होता. माणसाचा चेहरा, पण पार वाट लागलेला. मजकूर साधारण असा, की हेपटायटिस सीचा विषाणू तुमच्या लिव्हरऐवजी चेहऱ्यावर तुटून पडला असता, तर तुम्ही काहीतरी केलंच असतंत. रोश या औषध कंपनीची जाहिरात, २००० नंतरच्या दशकातली. सम्या पुण्यात एजन्सीत कॉपी लिहितो. सध्या कुठल्याशा हॉस्पिटलच्या कामासाठी असले नमुने गोळा करतोय आणि रविवारी मिरजेला आला की आमच्यावर त्यांचा प्रयोग करतो.

मिरजेतल्या कट्ट्यावर दुखण्याचा विषय निघायला निमित्त लागत नाही. समोर ओळीनं मेडिकल आणि लॅब, कर्नाटकातनं आलेल्या पेशंटांच्या गाड्या, आणि आमच्यातले निम्मे त्याच धंद्यातले. शिल्पा डायलिसिस टेक्निशियन, बंड्या एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, अण्णा ब्लड बँकेतनं रिटायर. मी आणि सम्या तेवढे बाहेरचे.

"एका ओळीत काम केलंय बघा," सम्या म्हणाला. "हा आजार वीस-वीस वर्षं दिसत नाही, दुखत नाही. माणूस जेवतोय, हिंडतोय, आत लिव्हर वाळत चाललंय. अशा माणसाला 'कृपया तपासणी करून घ्या' म्हटलं तर तो पान उलटणार. इथं उलटला का कुणी? शिल्पीनं मोबाइल उलटा केला, पण बघितल्यावर."

अण्णांनी मान डोलावली, त्याचं आम्हाला आश्चर्य वाटलं. ते सहसा सम्याच्या बाजूनं नसतात. "दिसत नाही हे खरं आहे त्याचं. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा या विषाणूला नावसुद्धा नव्हतं. ए नाही, बी नाही, एवढंच म्हणायचे. १९८९ ला सापडला. त्याआधी ज्यानं रक्त दिलं आणि ज्यानं घेतलं, दोघांनाही काय कळणार? आपल्याकडं रक्तपेढ्यांत सीची तपासणी सक्तीची व्हायला तर आणखी कितीतरी वर्षं गेली. त्याच्या आधी ज्याला बाळंतपणात, अपघातात रक्त लागलं, त्यातले किती जण आज पोटात घेऊन फिरत असतील कुणास ठाऊक. त्यांना हलवायला काहीतरी पाहिजेच की."

"हलवा की. पण हलवतंय कोण ते बघा," बंड्या म्हणाला. बंड्यानं लिव्हरच्या डिव्हिजनला बरीच वर्षं काढली आहेत, आणि कंपन्यांना शिव्या द्यायच्या तर त्यानंच द्याव्यात, त्याच्याइतक्या बारकाईनं कुणाला जमत नाहीत. "अमेरिकेत औषधाची जाहिरात थेट पेशंटला करता येते. जगात अशी मोकळीक देणारे देश दोनच, ते आणि न्यूझीलंड. १९९७ ला तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, टीव्हीवरचे नियम सैल केले आणि दार उघडलं. आता गंमत बघ. जाहिरातीत औषधाचं नाव घेतलं, की दुष्परिणाम पण सांगावे लागतात. म्हणून टीव्हीवर बाई बागेत पळत असते आणि मागनं माणूस भराभरा वाचत असतो, यानं झटका येऊ शकतो, त्यानं मरू शकता. पण औषधाचं नावच नाही घेतलं, नुसता आजार सांगितला आणि 'डॉक्टरांना भेटा' म्हटलं, तर एक दुष्परिणाम सांगायला नको. आजार पाहिजे तेवढा भेसूर दाखव. औषधाचं तोंड झाकलेलं, आजाराचं उघडं."

"पण डॉक्टरकडं गेला तर बिघडलं काय?" सम्या.

"गेल्यावर त्याला काय मिळणार होतं ते विचार."

इथं मला मध्ये पडावं लागलं, कारण माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. ही जाहिरात ज्या काळातली, त्या काळात आजच्या गोळ्या नव्हत्या. होतं ते पेगिलेटेड इंटरफेरॉन. अमेरिकेत ते विकणाऱ्या मुख्य कंपन्या दोन, रोश आणि शेरिंग-प्लाऊ, आणि दोघींची गळेकापू स्पर्धा. आठवड्याला एक इंजेक्शन, जोडीला रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या. अमेरिकेत जो विषाणूचा प्रकार जास्त, त्याला ४८ आठवडे. म्हणजे जवळजवळ वर्षभर ताप, अंगदुखी, केस गळणं, रक्त कमी होणं. नैराश्य तर इतकं, की औषधाच्या माहितीपत्रकात काळ्या चौकटीत इशारा छापलेला. आणि एवढं सोसून त्या प्रकारात बरे होणार निम्म्याच्या आसपास. उरलेल्यांचं वर्षही गेलं आणि विषाणूही तसाच.

"थांब," सम्या म्हणाला. "निम्मे बरे झाले ना? त्यांना विचार."

"विचारतो. पण दुसऱ्या निम्म्यांना कुणी विचारायचं? सगळ्यांचं लिव्हर जातंच असंही नाही. जुनाट संसर्ग झालेल्या शंभरातल्या साधारण पंधरा ते तीस जणांना वीस वर्षांत सिरोसिस होतो, म्हणजे लिव्हर वाळतं. कमी नाही, पण शंभर पण नाही. तेव्हाचे कितीतरी डॉक्टर लिव्हर बरं दिसलं तर पेशंटला सांगायचे, थांबा, पुढं चांगलं औषध येतंय. तो सल्ला बरोबर निघाला. आणि ही जाहिरात त्याच थांबलेल्या माणसाला म्हणतेय, तू काही करत नाहीस, कारण तुला दिसत नाही. म्हणजे विचार करून थांबलेला माणूस इथं आंधळा ठरला."

सम्या गप्प बसला असं नाही. त्यानं लगेच ऑस्ट्रेलिया काढली. १९८७ साली तिथं एड्ससाठी सरकारनंच जाहिरात केली होती. काळ्या झग्यातला, हातात कोयता घेतलेला मृत्यू बोलिंगच्या गल्लीत चेंडू टाकतोय आणि पुढं पिनांच्या जागी बायका-पोरं उभी. "ती तर कंपनीची नव्हती. अख्खा देश हादरला. भीतीनं काम होतं, मर्दा."

"झालं, पण कुणाचं?" अण्णांनी आता बाजू बदलली. "ती मी वाचलीय. लोकांनी मृत्यू म्हणजे कोण समजलं? एड्सचा पेशंट. ज्याला सांभाळायचं त्यालाच लोक भ्यायला लागले."

शिल्पा इतका वेळ चहात बिस्किट बुडवत होती. ती बोलली तेव्हा जाहिरातीबद्दल बोललीच नाही.

"आमच्या युनिटला कोपऱ्यात एक मशीन वेगळं आहे. सी पॉझिटिव्हवाल्यांचं. कुणी ते बोलत नाही, पण बाकीचे पेशंट महिन्याभरात ओळखतात. एक काका आहेत, किडनी गेलेली, त्यात सी निघाला. डायलिसिसवाल्यांत निघतो, सतत रक्ताशी संबंध असतो. भेटायला पाहुणे आले की ते मला सांगतात, 'ताई, इथं एसी चांगला लागतो म्हणून मी कोपरा मागून घेतलाय असं सांगा.' मी सांगते. घरी त्यांचं ताट-वाटी वेगळी केलीय सुनेनं. सी ताटातनं जात नाही, हे मी तिला तीनतीनदा सांगितलं. मान हलवते आणि ताट वेगळंच घासते. आता या काकांच्या घरी सम्याचा हा फोटो लाव. मग ताटच कशाला, माणूसच वेगळा काढतील."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सम्या म्हणाला, "हे मान्य. पण मग दाखवायचं काय? लिव्हर दाखवलं तर मटणाच्या दुकानासारखं दिसतं."

"चेहराच दाखव की, पण धड," शिल्पा म्हणाली. "बच्चनचा दाखवतात तसा."

बच्चनच्या बाबतीत सी नव्हे, बी. १९८२ च्या शूटिंगमधल्या अपघातानंतर त्यांना खूप जणांचं रक्त चढवलं होतं, त्यातनं हेपटायटिस बी आला आणि तो कितीतरी वर्षांनी कळला, तोवर लिव्हरचा मोठा भाग गेला होता, हे ते स्वतः जाहीरपणे सांगतात. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांना आग्नेय आशिया विभागासाठी या विषयातले सदिच्छादूत नेमलं. बंड्याचं म्हणणं, हादरा त्यातही आहेच: एवढा मोठा माणूस, एवढे डॉक्टर पुढंमागं, तरी कळलं नाही. फक्त त्यात पेशंटची शोभा होत नाही. मला पटलं. सम्याला पटलं नाही. त्याच्या मते बच्चन काहीही विकू शकतो, त्यातनं सिद्धान्त काढू नये.

मग बंड्यानं त्याच्या आवडीची गोष्ट काढली. ती तो दर सहा महिन्यांनी सांगतो, पण चांगली आहे म्हणून आम्ही ऐकून घेतो. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत गिलियड कंपनीचं सीवरचं औषध सोफोसबुव्हिर मंजूर झालं. पुढच्या वर्षी त्याच कंपनीची जोडगोळी हार्व्होनी आली. तिथं इंजेक्शन नाही, वर्षभराचं हाल नाही, बारा आठवडे गोळी आणि शंभरातले नव्वदच्या वर बरे. आता खरं तर ओरडून सांगण्यासारखं औषध आलं. आणि जाहिराती कशा? हसरे लोक, कोवळं ऊन, 'मी तयार आहे'. कुणाचा चेहरा विद्रूप नाही.

"कारण घाबरवायचं काम आता किमतीनं घेतलं," बंड्या म्हणाला. "सोफोसबुव्हिरची एक गोळी हजार डॉलर. ८४ गोळ्या, ८४ हजार डॉलर. गरिबांना विमा देणाऱ्या तिथल्या राज्य सरकारांचे डोळे पांढरे झाले. त्यांनी नियम काढले: लिव्हर बरंच खराब झालं असेल तरच औषध. कुठं कुठं तर दारू, नशा सोडल्याचा पुरावा आण म्हणायचे. टीव्हीवरचा माणूस म्हणतोय मी तयार आहे, आणि खिडकीवरचा कारकून म्हणतोय, तुमचं अजून पुरेसं बिघडलेलं नाही, नंतर या."

हे ऐकून अण्णा मनापासून हसले. मला मात्र त्या दोन जाहिराती शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटल्या. औषध अर्धवट होतं तेव्हा 'काहीतरी करा' म्हणून अंगावर येणारी कंपनी, आणि औषध खरंच चांगलं झालं तेव्हा 'थांबा' म्हणणारा विमा. दोन्ही वेळा पेशंट तोच. सम्याची जाहिरात मला वाईट वाटते ती भेसूर आहे म्हणून नाही. तिच्यातली भीती आजाराच्या मापानं बेतलेली नव्हती, विकायच्या मालाच्या मापानं होती, म्हणून.

"मग इजिप्त घ्या," अण्णा म्हणाले. इजिप्त हा त्यांचा हुकमाचा एक्का. तिथं १९५० च्या दशकापासून पुढं तीसेक वर्षं सरकारनंच एका परजीवी रोगावर गावोगाव इंजेक्शनं दिली, काचेच्याच सिरिंज पुन्हा पुन्हा वापरून, आणि त्यातनं सी देशभर पसरला. जगात सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांत त्यांचा नंबर लागला. त्याच देशानं २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत जवळपास पाच कोटी लोक तपासले. तपासणी फुकट, निघाला तर औषध फुकट. "कुणाचं तोंड नाही फोडावं लागलं. लोकांना कळलं की निघाला तर पुढची सोय आहे, लोक आले. भीती वाटते ती पुढं काय हे माहीत नसतं म्हणून."

आपल्याकडं पण सोय आहे, हे निम्म्या कट्ट्याला माहीत नव्हतं. २०१५ च्या मार्चमध्ये नॅटकोनं सोफोसबुव्हिरची २८ गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना काढली, मग इतर कंपन्या आल्या, भाव आणखी उतरले. २८ जुलै २०१८ पासून तर केंद्राचा व्हायरल हेपटायटिसचा कार्यक्रमच आहे, त्यात तपासणी आणि उपचार मोफत. डॉक्टरच्या चिठ्ठीच्या औषधाची जाहिरात जनतेत करायला आपल्याकडं बंदी, शिवाय १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा. म्हणून असले चेहरे आपल्या पेपरात दिसत नाहीत.

"त्यामुळं आम्ही पेशंटला नाही घाबरवत," बंड्या म्हणाला, "डॉक्टरला घाबरवतो. ग्राफ दाखवून."

आणि मग त्यानंच खिशातनं कागद काढला. पुढच्या रविवारी एका डॉक्टरच्या क्लिनिकला त्याच्या कंपनीचा लिव्हर तपासणीचा कॅम्प होता, मशीन कंपनीचं, बॅनर पण कंपनीचा, आणि मजकूर सोमवारी द्यायचा होता. "सम्या, तू एवढा शिकवतोयस तर लिही."

सम्यानं पेन घेतलं. पहिली ओळ लिहिली, 'तुमचं लिव्हर तक्रार करत नाही, म्हणून...' शिल्पानं कागद ओढला. "म्हणून काय? यांच्याकडं आमचे काका आले तर त्यांना काय सांगणार तुम्ही? सीची टेस्ट करणार आहात का कॅम्पला?"

"नाही. नुसतं फॅटी लिव्हर."

"का?"

"आमच्याकडं सीची गोळी नाही," बंड्या म्हणाला. "फॅटी लिव्हरची आहे."

शिल्पानं सम्याची ओळ खोडली आणि लिहिलं: लिव्हरची मोफत तपासणी, सकाळी ८ ते ११, येण्याआधी तीन तास काही खाऊ नये. खाली आणखी एक ओळ: हेपटायटिस बी आणि सीची तपासणी सिव्हिलमध्ये मोफत होते.

बंड्यानं दोनदा वाचलं. "शेवटची ओळ साहेब काढणार बघ."

"तू घालून तर दे," अण्णा म्हणाले.